अक्ष राष्ट्रे का हरली? थंडीमुळे नव्हे, उतरंडीमुळे

आम्ही चालवतो त्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मागच्या महिन्यात एक वाद झाला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा फुटपाथवरून हिटलरचे आत्मचरित्र विकत घेऊन आला होता. हे पुस्तक आपल्याकडच्या फुटपाथवर वर्षानुवर्षे खपते आहे, त्यामुळे नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्याच्या वाक्याचे. तो म्हणाला, "दादा, माणूस वाईट असेल, पण असा नेता पाहिजे. रशियाची थंडी आडवी आली नसती तर जग जिंकलं होतं त्याने." बाजूच्या दोघांनी मान डोलावली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता.

आम्ही त्याला रागावलो नाही. रागावून पुस्तक हातातून सुटते, पण डोक्यातून जात नाही. 'थंडीमुळे हरला' हे वाक्य निष्पाप नाही. त्यात गृहीत धरलेले असते की योजना बरोबर होती, रचना बरोबर होती, नेता बरोबर होता, फक्त हवामान फितूर झाले. थंडी रशियन सैनिकालाही वाजत होती. आणि लष्करी आघाडी म्हणून अक्ष राष्ट्रांचे जे झाले, ते १९४१ चा हिवाळा सौम्य असता तरी व्हायचे टळले नसते, असे आमचे मत आहे. ते का, हे या लेखात मांडतो.

आधी आघाडी काय होती ते पाहू. नोव्हेंबर १९३६ मध्ये जर्मनी आणि जपान यांनी साम्यवादविरोधी करार केला. पुढच्या वर्षी इटली त्यात आली. मे १९३९ मध्ये जर्मनी-इटलीचा 'पोलादी करार' झाला आणि २७ सप्टेंबर १९४० रोजी बर्लिनमध्ये तिघांनी त्रिपक्षीय करारावर सह्या केल्या. युरोपात नवी व्यवस्था जर्मनी-इटलीने आणायची, पूर्व आशियात जपानने. त्यानंतर हंगेरी, रोमानिया, स्लोव्हाकिया, बल्गेरिया हे देश त्यात ओढले गेले. कागदावर पाहिले तर अटलांटिकच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत पसरलेली ही फळी होती.

पण ही आघाडी वागली कशी? ऑगस्ट १९३९ मध्ये जपानी सैन्य मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन-गोल येथे सोव्हिएत सैन्याशी लढत होते आणि मार खात होते. नेमक्या त्याच वेळी जर्मनीने सोव्हिएत संघाशी अनाक्रमण करार केला. जपानला विचारलेसुद्धा नाही. टोकियोतले हिरानुमा मंत्रिमंडळ त्या धक्क्याने पडले. जपानने याची परतफेड एप्रिल १९४१ मध्ये केली. हिटलर सोव्हिएत संघावर चढाईची तयारी करत असताना जपानने स्टालिनशी तटस्थतेचा करार करून टाकला. दोन महिन्यांनी, २२ जून १९४१ रोजी, जर्मनीने हल्ला केला तो जपानशी काहीही न ठरवता. डिसेंबरमध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला तो जर्मनीला तारीख न सांगता. त्रिपक्षीय कराराचे कलम असे होते की आपल्यापैकी कोणावर हल्ला झाला तर इतरांनी मदतीला यावे. इथे हल्ला जपाननेच केला होता, म्हणजे जर्मनी बांधील नव्हती. तरी ११ डिसेंबर १९४१ रोजी हिटलरने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. बदल्यात जपानने सोव्हिएत संघाविरुद्ध उतरावे, एवढी साधी अटही त्याने घातली नाही. हाच तो द्रष्टा नेता.

जपानच्या त्या तटस्थतेचा परिणाम ऐका. अमेरिकेने सोव्हिएत संघाला युद्धकाळात जी प्रचंड मदत पाठवली, तिचा जवळजवळ निम्मा भाग पॅसिफिक महासागरातून व्लादिवोस्तोक बंदरात उतरला. सोव्हिएत झेंड्याची जहाजे जपानच्या नाकासमोरून अन्नधान्य, ट्रक, रेल्वे इंजिने घेऊन जात होती आणि जपान ती जाऊ देत होता. म्हणजे जर्मनीच्या शत्रूला रसद जर्मनीच्या मित्राच्या दारातून मिळत होती. असली आघाडी बुडवायला थंडी कशाला लागते?

हिटलर आणि तोजो आयुष्यात एकदाही भेटले नाहीत. या दोन मित्रांना जोडणारा रस्ताही नव्हता. सुभाषबाबू फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मनीतून निघाले ते पाणबुडीने. मादागास्करजवळच्या समुद्रात जर्मन पाणबुडीतून जपानी पाणबुडीत बदली झाले आणि मे महिन्यात सुमात्राच्या टोकाला पोहोचले. एक माणूस एका मित्राकडून दुसऱ्या मित्राकडे पोहोचवायला या आघाडीला सुमारे तीन महिने लागले. तोफा, तेल, धान्य यांची गोष्टच सोडा.

आता इटली. मुसोलिनी १० जून १९४० रोजी युद्धात उतरला. फ्रान्स कोसळत होते, लूट वाटली जाईल तेव्हा पाटावर आपणही असावे एवढाच हिशोब. त्याच्या सैन्याजवळ ना पुरेसे रणगाडे होते ना इंधन. त्या शरद ऋतूत जर्मनीने रोमानियात सैन्य पाठवले आणि मुसोलिनीला आधी सांगितले नाही. त्याला अपमान वाटला. मग त्याने ठरवले, आपणही असेच करून दाखवू. २८ ऑक्टोबर १९४० रोजी इटलीने ग्रीसवर हल्ला केला. हिटलर त्याच दिवशी फ्लॉरेन्समध्ये त्याला भेटायला आला, तेव्हा हल्ला सुरूही झालेला होता. दोन सरदारांच्या मानापमानात एक अख्खे युद्ध सुरू झाले. ग्रीकांनी इटालियन फौजेला उलट अल्बानियात रेटले. एप्रिल १९४१ मध्ये जर्मनीला ग्रीस आणि युगोस्लाव्हियात उतरावे लागले आणि पुढची साडेतीन वर्षे बाल्कनच्या डोंगरात गनिमांशी झुंजत तिथे सैन्य अडकवून ठेवावे लागले.

उत्तर आफ्रिकेतही तेच. डिसेंबर १९४० ते फेब्रुवारी १९४१ या काळात इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात ब्रिटिश साम्राज्याच्या तुलनेने लहान फौजेने सुमारे १ लाख ३० हजार इटालियन सैनिक कैद केले. सुरुवातीच्या लढाईत चौथी भारतीय डिव्हिजन होती, हेही नोंदवून ठेवू. मग रोमेलला तिथे पाठवावे लागले. रोमेलच्या शौर्याच्या कथा आपल्याकडे फार चवीने वाचल्या जातात. त्याचे दुखणे मात्र साधे होते. त्रिपोली बंदरापासून एल अलामेनपर्यंतचे अंतर दोन हजार किलोमीटरहून अधिक. पेट्रोल घेऊन निघालेला ट्रक पोहोचेपर्यंत त्यातले बरेचसे पेट्रोल स्वतःच पिऊन टाकी. जितका पुढे गेला तितका दुबळा झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४२ मध्ये एल अलामेनला तो हरला आणि मे १९४३ मध्ये ट्युनिशियात सुमारे अडीच लाख जर्मन-इटालियन सैनिक शरण आले.

अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण इथे लागू पडते, असे कोणी म्हणेल. अर्धी लागू पडते. कारण दोस्त राष्ट्रे अक्ष राष्ट्रांपेक्षा जास्त पसरलेली होती! ब्रिटनचे सैनिक ब्रह्मदेशात, इटलीत, आफ्रिकेत. अमेरिकेचे दोन महासागर ओलांडून पलीकडे. नुसत्या अंतराने सैन्य हरत असते तर अमेरिका आधी हरली असती. प्रश्न अंतराचा कमी आणि भार वाटून घेण्याचा जास्त आहे. अंथरूण जोडून मोठे करता येते, पण त्यासाठी शेजारी झोपणारा आपल्या बरोबरीचा आहे हे मान्य करावे लागते. अक्ष राष्ट्रांना नेमके तेच मान्य नव्हते. हे सर्वात स्पष्ट दिसते ते स्टालिनग्राडला, म्हणून तिथे थोडे थांबू.

२२ जून १९४१ रोजी तीस लाखांहून अधिक जर्मन सैनिक सोव्हिएत सीमेत शिरले. सोबत रोमानियन, फिन, हंगेरियन, इटालियन, स्लोव्हाक असे लाखो सैनिक होते. प्रचारपटात आपल्याला रणगाडे दिसतात. प्रत्यक्षात या फौजेबरोबर सहा लाखांहून अधिक घोडे होते, कारण बहुतेक तोफा आणि गाड्या घोडेच ओढत होते. रशियन रेल्वेचे रूळ जर्मन रुळांपेक्षा सुमारे नऊ सेंटिमीटरने रुंद. मीटरगेज-ब्रॉडगेजची भानगड ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल की एवढ्या फरकाने काय होते. शेकडो किलोमीटरचे रूळ उखडून पुन्हा ठोकावे लागले. नोव्हेंबर १९४१ संपेपर्यंत, म्हणजे खरी थंडी पडायच्या सुमारास, ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून जर्मनीची सात लाखांहून अधिक माणसे कामी आली होती. आघात आधी झाला, बर्फ नंतर पडला.

१९४२ च्या उन्हाळ्यात हिटलरला कॉकेशसचे तेल हवे होते. जर्मनीकडे स्वतःचे तेल जवळजवळ नव्हते. कोळशापासून बनवलेले कृत्रिम इंधन आणि रोमानियातल्या प्लोएश्तीच्या विहिरी यांवर सगळा डोलारा उभा होता. पण एकाच वेळी कॉकेशसही आणि स्टालिनग्राडही असा हट्ट धरल्यावर आघाडी इतकी लांबली की ती झाकायला जर्मन सैनिक पुरेनात. मग डॉन नदीच्या काठावर आणि स्टालिनग्राडच्या दक्षिणेला मित्रांच्या फौजा उभ्या केल्या. हंगेरीची दुसरी सेना, इटलीची आठवी सेना, रोमानियाची तिसरी आणि चौथी सेना.

या रांगेचा क्रम पाहण्यासारखा आहे. हंगेरियन आणि रोमानियन यांच्या मधोमध इटालियन सेना ठेवली होती. हे दोघे शेजारी आले तर रशियनांऐवजी एकमेकांवर गोळ्या झाडतील ही भीती होती! भांडण ट्रान्सिल्व्हेनियाचे. ऑगस्ट १९४० मध्ये जर्मनी-इटलीने पंच बनून उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियाकडून काढून हंगेरीला दिला होता. तेव्हापासून रोमानियाचा हुकूमशहा अँतोनेस्कू हिटलरला खूश करण्यासाठी जास्तीत जास्त सैनिक पाठवत होता, की कधीतरी तो प्रदेश परत मिळेल. हंगेरी सैनिक पाठवत होती, की मिळालेला प्रदेश जाऊ नये. दोघांनाही वरच्याची मर्जी हवी होती आणि दोघांचाही खरा राग एकमेकांवर होता. वरच्याला दोघांपैकी कोणाचीच पर्वा नव्हती.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे विश्लेषण करताना श्रेणीबद्ध विषमता ही संकल्पना मांडली. साध्या विषमतेत खालचे सगळे एकत्र येऊन वरच्याशी भांडू शकतात. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येक पायरीला आपल्या खाली कोणीतरी आहे याचे समाधान असते, म्हणून पायऱ्या एकत्र येत नाहीत. आम्ही जातीची आणि राष्ट्रांच्या आघाडीची सरसकट तुलना करत नाही. जात जन्माने चिकटते, करार फाडता येतो. समाजशास्त्र शिकताना आम्हाला पहिली ताकीद हीच मिळाली होती की जे दिसते तिथे लगेच जात चिकटवू नका. पण डॉनच्या काठावरची ती रांग समजून घ्यायला याहून नेमकी संकल्पना आम्हाला सापडत नाही. ही रचना वरच्याला फार सोयीची असते. तिच्याकडून हुकूम पाळून घेता येतो, लढाई लढवून घेता येत नाही.

उतरंड आणखी खालपर्यंत गेली होती. हंगेरीच्या सेनेसोबत ज्यू पुरुषांच्या श्रम-तुकड्या होत्या. शस्त्र नाही, अनेकांना धड गणवेश नाही. त्यांच्याकडून खंदक खणून घेतले जात आणि सुरुंगही काढून घेतले जात. इटलीचे अल्पिनी, म्हणजे डोंगरी लढाईत तयार झालेले सैनिक, कॉकेशसच्या पर्वतांसाठी म्हणून खेचरे आणि गिर्यारोहणाच्या सामानासह आणले आणि सपाट गवताळ मैदानात उभे केले. रोमानियन सैन्याकडे रणगाडाविरोधी तोफा होत्या त्या ३७ मिलिमीटरच्या, घोड्यांनी ओढायच्या. सोव्हिएत टी-३४ रणगाड्यापुढे त्या जवळजवळ निरुपयोगी. डॉनच्या अलीकडच्या काठावर सोव्हिएत सैन्याने पाय रोवून ठेवले आहेत, ते आताच हटवू द्या, असे रोमानियन सेनापती दुमित्रेस्कू सांगत होता. जर्मन वरिष्ठांनी लक्ष दिले नाही. पायथ्याला उभ्या असलेल्या माणसाला धोका आधी दिसतो, पण उतरंडीत माहिती खालून वर चढत नाही.

१९ नोव्हेंबर १९४२ रोजी सोव्हिएत सैन्याने नेमका तिथेच घाव घातला. उत्तरेला रोमानियाची तिसरी सेना, दुसऱ्या दिवशी दक्षिणेला चौथी. चार दिवसांत वेढा पूर्ण झाला. आत अडीच लाखांहून अधिक माणसे अडकली. डिसेंबरमध्ये इटालियन सेना फुटली, जानेवारीत हंगेरियन. २ फेब्रुवारी १९४३ रोजी स्टालिनग्राडमधली शेवटची जर्मन तुकडी शरण आली. सुमारे ९१ हजार कैदी झाले, त्यातले पाच-सहा हजारच वर्षांनंतर घरी परतले. माघारीच्या वेळी जर्मनांनी आपल्याला ट्रकवरून खाली ढकलले, उबदार घरांतून बाहेर काढले, ही तक्रार इटालियन सैनिकांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येते. आणि युद्धानंतर जर्मन सेनापतींनी आत्मचरित्रे लिहिली तेव्हा पराभवाचे खापर कोणावर फोडले? हिटलरवर, हिवाळ्यावर आणि 'कुचकामी' रोमानियन-इटालियन मित्रांवर. फुटपाथवर येते ती हीच आवृत्ती.

जपानची कथा वेगळ्या समुद्रातली, पण ताण तोच. जपान जुलै १९३७ पासून चीनमध्ये रुतला होता. डिसेंबर १९४१ मध्ये त्याच्या ५१ डिव्हिजनपैकी फिलिपीन्स, मलाया, ब्रह्मदेश, डच ईस्ट इंडीज या सगळ्या दक्षिणी मोहिमेला फक्त ११ मिळाल्या, कारण बाकीच्या मुख्यतः चीन, मांचुरियात अडकलेल्या. लागणारे बहुतांश तेल तो अमेरिकेकडूनच विकत घेत होता. १९४१ मध्ये अमेरिकेने ते तोडले, म्हणून डच ईस्ट इंडीजचे तेल घ्यायला तो निघाला. तेल मिळाले, पण ते घरी आणायचे तर जहाजे हवीत आणि जहाजे सांभाळायला संरक्षण हवे. ते नव्हते. अमेरिकन पाणबुड्यांनी जपानची मालवाहू जहाजे एकेक करून बुडवली. आशिया जिंकलेल्या देशात शेवटी विमानांना इंधन उरले नाही.

आपल्या जवळचे उदाहरण इंफाळ-कोहिमाचे. मार्च १९४४ मध्ये जनरल मुतागुची सुमारे ८५ हजार सैनिक घेऊन चिंदविन नदी ओलांडून मणिपूर-नागा टेकड्यांत शिरला. सोबत अन्न फक्त तीन आठवड्यांचे. जनावरांचे कळप हाकत न्यायचे आणि वाटेत कापून खायचे, अशी योजना. कित्येक जनावरे नदीतच बुडाली. बाकीचे अन्न शत्रूच्या कोठारातून लुटायचे होते, ती कोठारे हाती लागली नाहीत. समोर जी फौज होती तिच्यात बहुसंख्य सैनिक भारतीय होते आणि त्यांना विमानातून रसद मिळत होती. कोहिमाचा जपानी डिव्हिजन-कमांडर सातो शेवटी हुकूम मोडून मागे फिरला, कारण माणसे उपाशी मरत होती. पन्नास हजारांहून अधिक जपानी सैनिक मेले किंवा निकामी झाले. त्यातले बरेच गोळीने नव्हे, तर भुकेने आणि रोगाने गेले.

जिंकलेल्या प्रदेशांतून सामान उचलून ताण भरून काढू, हा दोन्हीकडचा हिशोब होता. तो का फसला? कारण जिंकलेल्या लोकांना ते माणूस मानायलाच तयार नव्हते. जर्मनीने युद्धकाळात सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक कैद केले, त्यातले सुमारे ३३ लाख मेले. पहिल्या आठ महिन्यांतच वीस लाखांच्या आसपास. काटेरी तारेच्या आत उघड्यावर ठेवून उपाशी मारले. आणि १९४२ च्या वसंतात जर्मनीला कळले की कारखान्यात आणि शेतात मजूरच नाहीत! मग युक्रेनच्या खेड्यांत माणसांची शिकार सुरू झाली. १९४४ मध्ये जर्मनीत सुमारे ७६ लाख परदेशी मजूर आणि युद्धकैदी राबत होते. युक्रेनमध्ये १९४१ साली काही ठिकाणी लोकांनी जर्मनांचे भाकरी-मीठ देऊन स्वागत केले होते. स्टालिनच्या सामूहिक शेतीने आणि दुष्काळाने पोळलेले लोक ते. जर्मनांनी ती सामूहिक शेती मोडली नाही, कारण धान्य ओरबाडायला ती सोयीची होती. वर्षभरात तीच माणसे जंगलात बंदूक घेऊन उभी राहू लागली.

जपानने 'आशिया आशियाई लोकांसाठी' म्हणत सहसमृद्धीचा नारा दिला. ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर त्या सहसमृद्धीचे रूप दिसले. तिथे लाखभराच्या आसपास माणसे मेली. युद्धकैद्यांच्या कथांवर चित्रपट निघाले, पण मेलेल्यांत बहुसंख्य आशियाई मजूर होते आणि त्यांत मलायाच्या रबर मळ्यांवरचे तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांच्यावर चित्रपट क्वचितच निघतात. जपानच्या मदतीने उभी राहिलेली आँग सान यांची ब्रह्मी सेना २७ मार्च १९४५ रोजी जपानवरच उलटली.

आता आमचे काही मित्र विचारतील आणि विचारलेच पाहिजे: दोस्त राष्ट्रे काय समतेचे पुजारी होती? अजिबात नाही. अमेरिकेच्या सैन्यात काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. अटलांटिक सनदेतला स्वयंनिर्णयाचा शब्द भारताला लागू नाही, हे चर्चिलने सप्टेंबर १९४१ मध्ये संसदेत स्पष्ट केले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात अंदाजे तीस लाख माणसे मेली, त्यात सर्वाधिक भूमिहीन आणि दलित-मुस्लिम कष्टकरी. तेव्हा जगाला अन्न आणि शस्त्रे वाहून नेणारी जहाजे दोस्तांकडेच होती. स्टालिनबद्दल तर बोलायलाच नको. हे युद्ध साधू आणि सैतानांचे नव्हते.

बाबासाहेबांना हे ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. ते जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी मुंबई रेडिओ केंद्रावरून भारतीय मजुराला हे युद्ध का जिंकायचे आहे यावर भाषण केले. हे केवळ भूभागाच्या वाटणीचे युद्ध नाही, माणसाने माणसाशी आणि राष्ट्राने राष्ट्राशी कसे वागावे याचा प्रश्न त्यात आहे, अशी त्यांची मांडणी होती. वंशश्रेष्ठत्वावर उभी राहिलेली नाझी व्यवस्था आली तर तिच्यात आपल्याला जागा कुठली असेल, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. यासाठी त्यांना 'इंग्रजधार्जिणे' म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्याला उत्तर देत बसण्यात आम्हाला रस नाही. भाषण मिळवून वाचावे. ते झाले तेव्हा स्टालिनग्राडचा वेढा पडायला काही दिवस बाकी होते, म्हणजे निकाल लागायचा होता.

दोस्त राष्ट्रांत हेवेदावे होते, संशय होता, पण त्यांनी एक गोष्ट केली जी अक्ष राष्ट्रांना कधीच जमली नाही. त्यांनी भांडायला एक टेबल तयार केले. १९४२ च्या सुरुवातीला वॉशिंग्टनमध्ये ब्रिटन आणि अमेरिकेच्या सेनाप्रमुखांची संयुक्त समिती बसू लागली. जहाजे, कच्चा माल यांच्या वाटपासाठी संयुक्त मंडळे झाली. अमेरिकेवर हल्ला जपानने केला होता, तरी आधी जर्मनीला हरवायचे, हे अमेरिकेने मान्य केले. देशातल्या लोकांचा राग जपानवर असताना हे सोपे नव्हते. सोव्हिएत सैन्याला अमेरिकेने सुमारे चार लाख ट्रक आणि जीपगाड्या दिल्या. जर्मन तोफा घोडे ओढत होते आणि रशियन सैनिक अमेरिकन ट्रकमधून त्यांचा पाठलाग करत होता. नोव्हेंबर १९४३ मध्ये तेहरानला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन समोरासमोर बसले आणि पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी एकदम हल्ला करायचे ठरले.

त्या जून १९४४ कडे एकदा पाहा. ४ तारखेला रोम पडले. ६ तारखेला नॉर्मंडीत सैन्य उतरले. १९-२० तारखेला फिलिपीन समुद्रात जपानच्या विमानवाहू ताफ्याचे कंबरडे मोडले. २२ तारखेला बेलारूसमध्ये सोव्हिएत आक्रमण सुरू झाले आणि काही आठवड्यांत जर्मनीचा अख्खा मध्य सेनागट नाहीसा झाला. त्याच २२ जूनला इंफाळ-कोहिमा रस्ता मोकळा झाला. अक्ष राष्ट्रांकडे यातल्या एकाही ठिकाणी दुसऱ्याच्या मदतीला पाठवायला काही नव्हते. पुढच्या महिन्यात, जुलै १९४४ मध्ये, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे इटलीत एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर धावून जाताना मारले गेले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पुतळा माणगावला आहे. परिषदेचे माणगाव नव्हे, रायगड जिल्ह्यातले.

मित्र कसे सोडून गेले तेही सांगायला हवे. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीचा शस्त्रसंधी जाहीर झाला. जर्मनीने कालपर्यंतच्या मित्राचे सैनिक निःशस्त्र केले आणि सहा लाखांहून अधिक जणांना मजुरीसाठी छावण्यांत नेले. युद्धकैद्याचा दर्जाही दिला नाही. केफालोनिया बेटावर ज्यांनी प्रतिकार केला त्यांना शरण आल्यावरही हजारोंच्या संख्येने गोळ्या घातल्या. हंगेरी डळमळते आहे असे दिसताच मार्च १९४४ मध्ये तिच्यात सैन्य घुसवले. २३ ऑगस्ट १९४४ रोजी रोमानियाने बाजू बदलली आणि प्लोएश्तीचे तेल एका आठवड्यात गेले. ट्रान्सिल्व्हेनिया परत मिळवायला रोमानियन सैनिक आता सोव्हिएत सैन्याच्या बाजूने हंगेरीवर चालून गेले. सप्टेंबरात फिनलंड आणि बल्गेरिया बाहेर पडले.

जपानला शेवटपर्यंत आशा होती की स्टालिन मध्यस्थी करून सन्मानाने तह घडवून आणेल. १९४१ मध्ये हिटलरच्या मदतीला न जाता ज्याच्याशी तटस्थतेचा करार केला, तोच आता वाचवेल असा हिशोब. पण फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला स्टालिनने मित्रांना शब्द दिला होता की जर्मनी पडल्यावर दोन-तीन महिन्यांत आपण जपानविरुद्ध उतरू. जर्मनीने ८ मे रोजी शरणागती दिली. ८ ऑगस्ट रोजी, बरोबर तीन महिन्यांनी, मॉस्कोत जपानी राजदूत सातो यांना बोलावून युद्धाची घोषणा वाचून दाखवण्यात आली.

हे सगळे आम्ही त्या मुलाला दोन रविवार नकाशा पसरून सांगितले. पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे. दुसऱ्या रविवारी त्याने विचारले की डॉनच्या काठावर त्या ज्यू मजुरांपैकी किती जण परत आले. तो आकडा आम्ही शोधतो आहोत.